कोल्हापुरात फळमाशीवर काम सुरू करताना: जनुक-नियमन आणि मूलपेशी शिकण्याची वाट

फळमाशीच्या मादीच्या अंडाशयातील प्रत्येक अंडनलिकेच्या अगदी टोकाला दोन-तीन मूलपेशी (स्टेम सेल) असतात. त्यांतील एक विभागली की तिची एक कन्यापेशी आईसारखीच मूलपेशी राहते आणि दुसरी, जेमतेम एका पेशीच्या अंतरावर सरकलेली, अंडे घडवण्याच्या वाटेला लागते. दोघींचा डीएनए अक्षरशः सारखा असतो. मात्र एकीत ‘बॅम’ नावाचे जनुक बंद असते आणि दुसरीत ते चालू झालेले असते. जनुक-नियमन म्हणजे काय आणि मूलपेशी म्हणजे काय, हे दोन्ही प्रश्न एकाच काचपट्टीवर शेजारी-शेजारी दिसणारी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. कोल्हापुरात बसून, गूळ आणि रव्याच्या खाद्यापासून सुरुवात करून एखाद्या नवागताला साधारण एका शैक्षणिक वर्षात त्या काचपट्टीपर्यंत कसे पोहोचता येईल, ते पुढे क्रमाने लिहिले आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन महिन्यांत माशा नीट पाळायला न शिकता थेट कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाकडे धावलेल्या विद्यार्थ्यांचे काम बहुधा मध्येच अडकते.

आधी माशी ओळखावी

आपल्या भागात ‘फळमाशी’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आंब्यात किंवा काकडीवर्गीय फळांत अंडी घालणारी, कामगंध सापळ्यात अडकणारी कीड येते. ती बॅक्ट्रोसेरा, तिचे कूळच वेगळे आहे. आपल्याला हवी ती ड्रोसोफिला मेलानोगास्टर, म्हणजे पिकलेल्या केळ्यांच्या फणीवर घोंघावणारी, लाल डोळ्यांची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीची माशी, जिला घरात आपण सरसकट चिलट म्हणतो. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात तिच्यातच पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात, हे त्यातून सिद्ध होत गेले. तिच्या गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात. तिचा जनुकसंच २००० साली वाचून प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिने बनवणारी सुमारे १४,००० जनुके आहेत, आणि माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जनुकांचे भाईबंद तिच्यात सापडतात.

पहिल्या आठवड्यात बाजारातील जास्त पिकलेली केळी एका बाटलीत ठेवून, तोंडाला कागदाचे नरसाळे लावून माशा पकडाव्यात. सापळ्यात एकच जात येणार नाही. अंगावर पांढऱ्या उभ्या रेषा असलेली झाप्रिओनस येईल, ड्रोसोफिला अनानासी येईल आणि मेलानोगास्टरही येईल. नर-मादी ओळखण्याचा सराव यांतल्या मेलानोगास्टरवर करावा: मादी आकाराने मोठी, तिचे पोट टोकदार आणि शेवटपर्यंत पट्टेदार, नर लहान, पोटाचा शेवट गोलसर आणि काळा, शिवाय पुढच्या पायांवर काळ्या राठ केसांची कंगव्यासारखी ओळ. रंगावर विसंबू नये, कारण नुकत्याच बाहेर आलेल्या नराचे पोटही फिकट असते. कंगवा मात्र फसवत नाही.

या रानटी माशा प्रयोगशाळेतील स्टॉकजवळ, म्हणजे पाळलेल्या वाणांजवळ, कधीही आणू नयेत. त्यांच्याबरोबर माइट, म्हणजे माशांना चिकटणारे बारीक कोळीवर्गीय जीव, येतात, हे एक कारण. दुसरे अधिक रोचक आहे: रानटी माशांच्या जनुकसंचात पी-घटक नावाचे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात, आणि रानटी नराचा प्रयोगशाळेतील जुन्या वाणाच्या मादीशी संकर झाला तर ते तुकडे मोकाट सुटतात आणि उष्ण तापमानाला वाढलेली संतती वांझ निपजते.

खाद्य

परदेशी प्रयोगशाळांची मक्याच्या पिठाची पाककृती चांगली आहे, पण आपल्याकडे रवा-गूळ-अगार हे माध्यम अनेक विद्यापीठांत वर्षानुवर्षे वापरले जाते आणि कोल्हापुरात ते करण्यासाठी कुणाला साहित्य शोधत हिंडावे लागत नाही. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगार आणि ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल, असे प्रमाण धरावे. अर्ध्या पाण्यात गूळ विरघळवून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावा, म्हणजे चिपाडाचे कण राहत नाहीत. उरलेल्या पाण्यात अगार पूर्ण विरघळेपर्यंत उकळावा, त्यात गुळाचे पाणी घालावे आणि रवा वरून धार धरून सोडत सतत ढवळावे. शिऱ्याला गुठळ्या होऊ नयेत म्हणून जशी काळजी घेतो, तशीच. मिश्रण पळीवरून जाडसर धारेने पडू लागले की आच बंद करावी. प्रोपिऑनिक आम्ल मात्र मिश्रण साधारण ६० अंशांपर्यंत निवल्यावरच घालावे. उकळत्या मिश्रणात घातले तर ते उडून जाते आणि आठवड्याभरात प्रत्येक व्हायलमध्ये (माशा पाळायच्या छोट्या बाटलीत) बुरशी चढते. भरलेल्या व्हायल रात्रभर स्वच्छ कापडाखाली ठेवून, सकाळी काचेवरचे पाण्याचे थेंब टिपून मगच कापसाचे बोळे लावावेत, कारण त्या थेंबांना माशांचे पंख चिकटतात. वरून कोरड्या यीस्टचे थोडे दाणे भुरभुरावेत.

गुळाबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण रंग उजळण्यासाठी गुऱ्हाळावर हायड्रॉससारखी रसायने वापरली जातात, आणि माशीच्या अंडाशयाचा अभ्यास करणाऱ्याने तिच्या खाण्यात काय आहे ते जाणून घेतलेच पाहिजे. ओळखीच्या गुऱ्हाळावरून रसायन न घातलेला, तांबूस-काळपट गूळ घ्यावा; शक्य तर वर्षभराच्या कामासाठी एकाच घाण्यातली गुळाची एक पूर्ण ढेप घेऊन ठेवावी आणि तिची तारीख वहीत नोंदवावी. गूळ बदलला की नियंत्रण गटही नव्याने लावावा. अंडाशयातील मूलपेशी आहाराला किती संवेदनशील असतात, हे यावरून लक्षात यावे की यीस्टने समृद्ध आहारावरील मादी निकृष्ट आहारावरील मादीच्या सुमारे ६० पट वेगाने अंडी घालते.

तापमान आणि पावसाळा

२५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास सुमारे १० दिवसांत पूर्ण होतो: एक दिवस अंडे, चार-पाच दिवस अळीच्या तीन अवस्था, उरलेले दिवस कोश. १८ अंशांना हाच काळ जवळपास दुप्पट होतो. ३० अंशांच्या वर नर वांझ होऊ लागतात. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान सहज त्यापलीकडे जाते, त्यामुळे बीओडी इन्क्युबेटरशिवाय (ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटाशिवाय) वर्षभर काम चालवता येईल अशी आशा धरू नये. वीज जाते हे गृहीत धरून इन्क्युबेटरमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, म्हणजे दार न उघडता काही तास तापमान टिकते. प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती वेगवेगळ्या खोल्यांत असाव्यात. दुचाकीच्या डिकीतून व्हायल नेण्याचा मोह उन्हाळ्यात टाळावा. पोहोचेपर्यंत माशांना नकळत उष्णताघात बसलेला असतो.

जून ते सप्टेंबर हा काळ बुरशीचा आणि माइटचा. भिंगाखाली माशीच्या पोटाला किंवा पायांच्या सांध्याला चिकटलेले फिकट ठिपके हलताना दिसले, की तो स्टॉक त्याच दिवशी वेगळा काढावा, माशा रोज नव्या व्हायलमध्ये हलवाव्यात आणि जुन्या व्हायल गोठवून मगच टाकाव्यात. महिन्यापेक्षा जुनी व्हायल कपाटात राहू न देणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कुमारी माद्या आणि पहिले संकर

मादी एकदा मीलनानंतर शुक्राणू साठवून ठेवते, म्हणून ठरलेल्या संकरासाठी कुमारी मादीच लागते. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘व्हर्जिन’ म्हणतात. २५ अंशांना कोशातून बाहेर आल्यावर पहिले सुमारे आठ तास मादी मीलन करत नाही. सकाळी बाटलीतील सर्व माशा काढून टाकाव्यात आणि दुपारी आठ तासांच्या आत नव्याने आलेल्या माद्या वेगळ्या कराव्यात. बाटली रात्री १८ अंशांना ठेवली तर ही मुदत साधारण दुप्पट होते. अगदी ताज्या मादीच्या फिकट पोटातून हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो दिसला की खात्री. वेगळ्या केलेल्या माद्या तीन-चार दिवस तशाच ठेवून व्हायलमध्ये अळ्या दिसत नाहीत ना, हे पाहावे आणि मगच नर सोडावेत.

पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर, तसेच त्याच्या उलट, असे दोन्ही संकर स्वतः करून मोजावेत. त्यानंतर बॅलन्सर गुणसूत्रे समजून घ्यावीत. त्यांच्यात इतकी उलथापालथ केलेली असते की जोडीच्या गुणसूत्राशी झालेल्या देवाणघेवाणीतून जगणारी संतती निपजत नाही, आणि बाहेरून ओळखता येईल अशी खूणही त्यांवर असते: सीवायओ असेल तर पंख वर वळलेले, टीएम३ असेल तर अनेकदा पाठीवरचे केस आखूड. नवागताला इथे कंटाळा येतो, पण पुढचे प्रत्येक जननिक काम या खुणा चटकन वाचता येण्यावर अवलंबून असते.

जनुक चालू होताना पाहणे: लाळग्रंथीची गुणसूत्रे

महागडे प्रतिपिंड आणि लेझर यांच्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने करावा असे माझे ठाम मत आहे, कारण साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली जनुक चालू झालेले इथे प्रत्यक्ष दिसते. अळीच्या लाळग्रंथीतील पेशी विभागत नाहीत, पण डीएनएच्या प्रती करत राहतात. हजारभर धागे एकमेकांना चिकटून जाडजूड, आडव्या पट्ट्यांची पॉलिटीन गुणसूत्रे बनतात.

१८ ते २० अंशांना, गर्दी न करता, भरपूर यीस्टवर वाढवलेल्या तिसऱ्या अवस्थेतील अळ्या घ्याव्यात. खाद्य सोडून काचेवर चढू लागलेल्या अळ्या योग्य. त्यांतील अर्ध्या एका नळीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास ठेवाव्यात आणि उरलेल्या खोलीच्या तापमानालाच राहू द्याव्यात. काचपट्टीवर ०.७ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात अळी ठेवून एका चिमट्याने तिचे काळे मुखांकुश धरावे, दुसऱ्याने शरीराचा मधला भाग, आणि झटका न देता एका दिशेने ओढावे. डोक्याबरोबर दोन पारदर्शक, लांबट पिशव्या बाहेर येतात. त्यांच्या पेशी भिंगातून वेगवेगळ्या दिसतात. बाजूला दुधट, ढगाळ दिसणारी मेदपेशींची पट्टी असते, ती काढून टाकावी. ग्रंथी मिनिटभर ४५ टक्के ॲसेटिक आम्लात आणि मग दहा-पंधरा मिनिटे ॲसिटो-ऑर्सीनमध्ये ठेवाव्यात, वर आच्छादक काच ठेवून हलकेच टकटक करावी, टिपकागद घालावा आणि अंगठ्याने सरळ खाली दाबावे. काच तसूभरही सरकली तर गुणसूत्रांचा गुंता होतो.

पहिले पाच-सात प्रयत्न बहुधा वाया जातात. जेव्हा जमते तेव्हा एका मध्यबिंदूतून निघालेल्या पाच लांब भुजा आणि एक आखूड ठिपका दिसतो. उष्णता दिलेल्या अळीत तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर ८७ए, ८७सी आणि ९३डी या (गुणसूत्राच्या नकाशावरील क्रमांकांच्या) जागी पट्ट्या उकलून फुगलेल्या असतात. न दिलेल्या अळीत त्याच जागा आवळलेल्या किंवा जेमतेम सैल दिसतात. हे फुगवटे इटलीचे फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले आणि उष्णताघात जनुकांचे सारे शास्त्र तिथून उभे राहिले. ९३डी येथील जनुकावर बनारस हिंदू विद्यापीठात सुभाषचंद्र लखोटिया यांनी अनेक दशके काम केले. त्या जनुकातून बनणारा आरएनए प्रथिनासाठी नसतोच, तो स्वतःच पेशीत कामे करतो. कोल्हापुरातील विद्यार्थ्याने हे आवर्जून जाणून घ्यावे, कारण भारतात थोड्या साधनांत जनुक-नियमनाचा पाया घालणारे काम झाले आहे याचा तो पुरावा आहे.

गॅल४ आणि यूएएस

आता पेशी निवडून जनुक चालू किंवा बंद करण्याची वेळ येते. १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी यीस्टमधील गॅल४ हे प्रथिन माशीत वापरण्याची पद्धत दिली. यूएएस हा डीएनएचा तुकडा म्हणजे मांडलेला पाट. त्यावर बसणारे गॅल४ पेशीत नसेल तर पुढचे जनुक गप्प राहते. एका वाणात गॅल४ विशिष्ट पेशींतच तयार होते, दुसऱ्या वाणात यूएएसच्या पुढे हवे ते जनुक किंवा जनुक दाबणारा आरएनएआय तुकडा असतो. दोघांच्या संततीत परिणाम दिसतो. तापमान वाढवले की हा परिणाम बहुधा तीव्र होतो, म्हणून नियंत्रण गटही त्याच तापमानाला वाढवावा.

असे वाण अमेरिकेतील ब्लूमिंग्टन आणि व्हिएन्ना येथील केंद्रांतून मिळतात. भारतात बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये तसेच पुण्याच्या आयसरमध्ये माशीवर काम करणारे गट आहेत आणि पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापुरावरूनच जातो, ही आपली सोय आहे. नम्रपणे, नेमका वाण आणि नेमका प्रयोग सांगून विचारणा करावी. जनुकीय फेरबदल केलेल्या माशा आणण्याआधी १९८९च्या नियमांनुसार आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची प्रक्रिया पूर्ण करणे आवश्यक आहे. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

अंडाशयातील जननपेशींसाठी इथे एक खोल खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. सुरुवातीच्या काळात नॅनोस-गॅल४ या जननपेशींतील वाणाशी मी एका जनुकाविरुद्धच्या आरएनएआय वाणाचा संकर केला. अंडाशय निर्दोष दिसले. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच दिसले, आणि ‘या जनुकाची मूलपेशींना गरज नाही’ असे मी वहीत लिहून टाकले. पुढे पुण्याच्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने फक्त एवढेच विचारले, की तुमचा तुकडा यूएएसटीमध्ये आहे की यूएएसपीमध्ये, म्हणजे यूएएसच्या दोन रचनांपैकी कोणत्या रचनेत? तो यूएएसटीमध्ये होता. ही रचना शरीरपेशींत उत्तम चालते, जननपेशींत जवळजवळ मुकी राहते; म्हणूनच १९९८ मध्ये पेर्निल रोर्थ यांनी यूएएसपी तयार केली. यूएएसटी मुकी का राहते, याचे कारण २०१८ मध्ये डीलुका आणि स्प्रॅडलिंग यांनी दाखवले: उड्या मारणाऱ्या तुकड्यांना दाबणारे पायआरएनए नावाचे छोटे आरएनए त्या रचनेतील एचएसपी७० या उष्णताघात जनुकाच्या भागावरच तुटून पडतात. माझा पूर्ण हंगाम गेला आणि एक चुकीचे विधान वहीत राहिले. म्हणून वाण मागवतानाच फ्लायबेस या मुक्त संकेतस्थळावर त्याची रचना पाहावी. हार्वर्डच्या टीआरआयपी या आरएनएआय वाणांच्या संग्रहातील व्हॅलियम २० किंवा व्हॅलियम २२ रचनेचे वाण जननपेशींत चालतात.

अंडाशयाच्या टोकाशी

दोन-तीन दिवसांच्या माद्यांना काही नरांसह ताज्या खाद्यावर ठेवावे आणि आणखी दोन-तीन दिवस रोज यीस्टचा ताजा ओला गोळा द्यावा. पीबीएस या क्षारद्रावणाच्या थेंबात मादी उताणी ठेवून एका चिमट्याने छाती-पोटाच्या सांध्याशी धरावे आणि दुसऱ्याने पोटाचे शेवटचे टोक ओढावे. दोन्ही अंडाशय बाहेर येतात. ते सोललेल्या लसणाच्या दोन लहान गड्ड्यांसारखे पांढरे, प्रत्येकात १६ ते २० अंडनलिका एकत्र बांधलेल्या. पिकलेल्या अंड्यांच्या जाड बाजूने धरून सुईने नलिका हळूच विंचराव्यात. निमुळत्या टोकाला हात लावू नये, कारण आपली सगळी गोष्ट त्याच टोकात, जर्मेरियममध्ये आहे.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटे, धूरकपाटात आणि हातमोजे घालून, ऊती स्थिर कराव्यात. मग थोडा ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएसमध्ये तीन वेळा धुवून, बोवाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये तासभर ठेवून, पहिले प्रतिपिंड चार अंशांना रात्रभर आणि दुसरे दोन तास, शेवटी डीएनए रंगवणारे डीएपीआय. मूलपेशी ओळखण्यासाठी १बी१ हे प्रतिपिंड घ्यावे. ते पेशीतील स्पेक्ट्रोसोम रंगवते: मूलपेशीत आणि तिच्या पहिल्या कन्यापेशीत तो गोल ठिपका असतो, तर पुढे विभागलेल्या पेशींच्या गटात तो फांद्या फुटल्यासारखा पसरतो. जर्मेरियमच्या टोकाला पाच-सात टोपीपेशींचा गठ्ठा दिसतो. त्याला अगदी चिकटलेला गोल ठिपका असेल ती मूलपेशी, सुटलेली असेल ती कन्यापेशी.

कारण त्या टोपीपेशी डीपीपी हा संदेश सोडतात. मूलपेशींसाठी तो अत्यावश्यक आहे, हे तिंग शिये आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी १९९८ मध्ये दाखवले. संदेश मिळालेल्या पेशीत मॅड हे प्रथिन केंद्रकात जाऊन बॅम जनुकाच्या नियामक भागावर बसते आणि त्याला गप्प ठेवते. एका पेशीच्या अंतरावर संदेश क्षीण होतो, बॅम बोलू लागते, आणि चार विभाजनांनंतर १६ पेशींचा गट बनतो. त्यांतील एकच अंडे होते, १५ तिला पोसतात. बॅमच नसेल तर ही वाटचाल थांबते आणि जर्मेरियम गोल पेशींनी ठासून भरते. ‘गोट्यांची पिशवी’ या अर्थाचे त्या जनुकाचे पूर्ण नाव तिथूनच आले आहे. बॅमच्या नियामक भागाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेला वाण मिळाला तर हे प्रतिपिंडाशिवायही दिसते: टोकाशी गडद पेशी, आणि लगेच पुढे हिरवा प्रकाश.

मोजणी

प्रत्येक गटात किमान ५० जर्मेरियम मोजावेत. निरोगी तरुण मादीत प्रत्येकी दोन किंवा तीन मूलपेशी मिळतील. वयानुसार ही संख्या घटते, म्हणून तुलना एकाच वयाच्या, एकाच घाण्याच्या गुळावर वाढलेल्या माद्यांतच करावी. काचपट्ट्यांवरील नावे सहकाऱ्याकडून झाकून त्यांना क्रमांक द्यावेत आणि मोजून संपेपर्यंत कोणता गट कोणता, हे विचारू नये. नियंत्रणासाठी नुसते गॅल४ पुरत नाही. त्याच गॅल४शी माशीत नसलेल्या एखाद्या जनुकाविरुद्धच्या आरएनएआयचा संकरही लावावा. फरक दिसला तर त्याच जनुकाच्या दुसऱ्या भागावर नेम असलेल्या दुसऱ्या आरएनएआय वाणाने तो पुन्हा मिळवावा, आणि दोन्ही वाणांत सारखाच परिणाम दिसेपर्यंत वहीत निष्कर्षाच्या जागी फक्त आकडे लिहावेत.